सॉफ्टफोनवर कार्यालयाचे कॉल वाजत नाहीत, वाजलेच तर अर्ध्या मिनिटात तुटतात

वजनकाटा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ट्रकचे वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीच्या सेवा विभागात मी काम करतो. गळीत हंगामात साखर कारखान्यांचे काटे रात्रंदिवस चालू असतात. काटा बंद पडला की फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि पहिला फोन आमच्याकडे येतो. दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर साधा फोन होता. आता टेबलावरचे सगळे फोन काढून घेऊन प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सॉफ्टफोनचे, म्हणजे कार्यालयाचे कॉल इंटरनेटवरून देणारे, ॲप टाकून दिले आहे. एक्स्टेंशन २१४ तेच, बोर्ड नंबरही तोच, फक्त यंत्र माझ्या खिशातले.

तेव्हापासून फार मनस्ताप होत आहे. परवा रात्री साडेअकराच्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या काटा-कारकुनाने चार वेळा फोन केला. माझा मोबाइल उशाशी होता, झोपण्यापूर्वी ॲपमध्ये जोडणी असल्याचा हिरवा ठिपका मी स्वतः पाहिला होता, तरी एकदाही रिंग वाजली नाही. सकाळी ॲप उघडताच चारही मिस्ड कॉल एकदम उगवले. घरून कॉल घेतला तर बोलणे सुरू होऊन अर्धा मिनिट होते न होते तोच तो तुटतो. शिवाय बोलत असताना माझ्या सिमवर घरचा फोन आला की कार्यालयाचा कॉल परस्पर होल्डवर जातो आणि समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहतो. आयटी विभागाचे उत्तर ठरलेले आहे: ॲप काढून पुन्हा टाका. ते मी सहा वेळा केले आहे. अँड्रॉइड मोबाइल आहे. कोणाला यातून मार्ग सापडला आहे का?

तारवाला

आपण तीन तक्रारी आयटी विभागाकडच्या एकाच टिकिटात, म्हणजे तक्रार-नोंदीत, घातल्या असाव्यात आणि म्हणूनच तिन्हींवर एकच उत्तर मिळत असावे. प्रत्येकीचे कारण वेगळे आहे.

न वाजणाऱ्या फोनपासून सुरुवात करतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने २०१५ मध्ये ६.० या आवृत्तीत डोझ नावाची सोय आणली: चार्जरला न लावलेला मोबाइल पडदा बंद करून काही वेळ हलवला नाही की मागे चालणाऱ्या ॲपचे नेटवर्क थांबवले जाते. पुढच्या वर्षी ७.० मध्ये याच सोयीचा सौम्य प्रकार खिशात हलणाऱ्या मोबाइललाही लागू झाला. त्यावर काही मोबाइल कंपन्या स्वतःचे आणखी कडक नियम लावतात. तेव्हा आपण पाहिलेला हिरवा ठिपका खोटा नव्हता, परंतु तो पडदा चालू असतानाचा होता. तुम्ही झोपलात आणि थोड्या वेळाने ॲपही झोपले.

यावर खरा उपाय पुश सूचनेचा आहे. कॉल आला की कार्यालयाचे कॉल जोडणाऱ्या सर्व्हरने आधी मोबाइलला जागे करणारी सूचना पाठवायची, जागे झालेल्या ॲपने पुन्हा नोंदणी करायची आणि मगच कॉल त्याच्याकडे सोडायचा. या खटाटोपात काही सेकंद जातात. तुमच्या विभागाच्या रिंग ग्रुपमध्ये, म्हणजे एक कॉल ज्या फोनांवर पाळीने वाजतो त्या गटात, रिंगची वेळ टेबलफोनच्या काळातलीच, म्हणजे दहा-पंधरा सेकंदांची राहिली असेल, तर ॲप तयार होईपर्यंत कॉल पुढच्या माणसाकडे निघून गेलेला असतो. ॲपसाठी बॅटरीचे निर्बंध तुम्हीच काढा, मात्र पुश सुरू आहे का आणि रिंगची वेळ किती आहे, हे दोन प्रश्न आयटी विभागाला लेखी विचारा.

तुटणाऱ्या कॉलबाबत एक विनंती आहे. घड्याळ लावून सेकंद मोजा आणि नेमका आकडा येथे कळवा. घरच्या वाय-फायवर आणि मोबाइल डेटावर, दोन्हीकडे मोजा.

वजनकाटा

मोजले. वाय-फायवर तीन कॉल घेतले, तिन्ही ३२ सेकंदांना तुटले. मोबाइल डेटावर मात्र एक कॉल अकरा मिनिटे चालला आणि शेवटी मीच ठेवला.

तारवाला

३२ म्हणालात, तेव्हाच निदान झाले. हे ॲप सिप पद्धतीने, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याच्या प्रमाण पद्धतीने, कॉल जोडत असणार. तुम्ही कॉल उचलला की ॲप सर्व्हरला तसे कळवते आणि सर्व्हरकडून पोच येण्याची वाट पाहते. पोच न आल्यास ॲप तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवते, आणि सिपच्या २००२ च्या मानकानुसार या प्रतीक्षेची मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद आहे. ती संपली की ॲप स्वतःच कॉल बंद करते. आवाजाचा रस्ता वेगळा असल्यामुळे तोवर बोलणे छान ऐकू येते आणि म्हणूनच बिघाड नेटच्या वेगात आहे, असे सगळ्यांना वाटते.

पोच हरवते, कारण ती चुकीच्या पत्त्यावर पाठवली जाते. बहुतेक घरगुती राउटरमध्ये सिप एएलजी नावाची सेटिंग असते. तिने सिपच्या निरोपातले पत्ते दुरुस्त करणे अपेक्षित असते, प्रत्यक्षात ती पुष्कळदा ते बिघडवून ठेवते. राउटरमध्ये ती बंद करा. सापडली नाही, तर सिपची वाहतूक टीएलएस या सांकेतिक पद्धतीने, साधारणतः ५०६१ या पोर्टवरून, करण्यास आयटी विभागाला सांगा. निरोप सांकेतिक झाला की राउटरला तो वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही.

बोर्डवरून

मी एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. आमच्याकडेही ॲप आले, परंतु आपत्कालीन विभागातले तारेचे फोन आम्ही हलू दिले नाहीत. सॉफ्टफोनला माझा विरोध नाही; फिरतीवरच्या माणसाला तो सोयीचा आहे. मात्र ज्या एक्स्टेंशनचा फोन रात्री वाजलाच पाहिजे, ते खासगी मोबाइलवर अवलंबून ठेवणे हा निर्णयच चुकीचा आहे आणि त्याचे खापर तुमच्या बॅटरीवर फोडले जात आहे. मोबाइल तुमचा, डेटाही तुमचाच. आवाज पाठवण्याच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका तासाच्या बोलण्याला दोन्ही दिशा मिळून सुमारे ७० एमबी लागतात. रक्कम मोठी नसेल, पण ती कोणी द्यायची हे कुठेतरी लिहिलेले असावे.

तात्पुरता उपाय म्हणून सर्व्हरवर फॉलो-मी लावून घ्या: ॲपने ठरावीक सेकंदांत कॉल न उचलल्यास तो तुमच्या सिमवर वळवला जातो. अशा प्रत्येक कॉलला बाहेर जाणारी एक लाइन अडकते, म्हणून आयटी विभाग कुरकुर करील. तरीही आग्रह धरा. सिमवरच्या फोनमुळे कॉल होल्डवर जाण्याला मात्र मला रात्री सिमवर 'व्यत्यय नको' लावण्याखेरीज उपाय सापडलेला नाही, आणि घरी वृद्ध माणसे असतील तर तो उपाय म्हणता येत नाही.

वजनकाटा

दोघांचेही आभार. राउटरमधली सेटिंग बंद केल्यापासून एकही कॉल ३२ सेकंदांना तुटलेला नाही. पुश मुळात सुरूच केलेले नव्हते, असे लेखी विचारल्यावर उघड झाले. आता ते सुरू आहे आणि रिंगची वेळ १५ वरून ३५ सेकंदांवर नेली आहे. काल रात्री फोन वाजला, पण दुसऱ्या बाजूच्या माणसाने सहा-सात सेकंद नुसती शांतता ऐकली होती आणि तो ठेवण्याच्या बेतात होता. फॉलो-मीला नकार मिळाला. रात्रपाळीसाठी एक टेबलफोन परत मिळावा, असा अर्ज दिला आहे, त्यावर अजून सही झालेली नाही. दरम्यान नगरकडच्या त्या काटा-कारकुनाने माझा खासगी नंबर कोणाकडून तरी मिळवला असून तो आता बोर्ड नंबर लावतच नाही.