ब्रश, आंघोळ, जेवण, चपला... लहान मुलांकडून रोजची कामं खेळत खेळत कशी करून घेता? अनुभव लिहा

माझी लेक अडीच वर्षांची आहे आणि गेले दोन महिने आमच्याकडे सकाळी सात ते नऊ नुसती झटापट चालू होती, ब्रश नको, आंघोळ नको, आणि एकदा बाथरूममध्ये गेली की बाहेर यायलाही नको. मागच्या आठवड्यात आई आली होती. तिने लेकीच्या हातात एक छोटा तांब्या दिला आणि म्हणाली, "अगं बघ, या रिकाम्या बादलीला तहान लागलीय." बास! भोकाड नाही काही नाही, लेक तांब्या तांब्या पाणी पाजत बसली आणि मी तेवढ्यात साबण लावून मोकळी झाले. (पाणी भरलेल्या बादलीजवळ तिला मिनिटभरही एकटं सोडत नाही, अगदी तळाशी चार बोटं पाणी असलं तरी या वयाला ते धोक्याचं असतं.)

म्हणून हा धागा. मूल किती वर्षांचं, काय चाललं, काय नाही, किती दिवस टिकलं, सगळं लिहा. चॉकलेट नाहीतर मोबाईलचं आमिष नको, ते आम्ही करून पाहिलंय, दुसऱ्या दिवशी चॉकलेट आधी मागते आणि ब्रश राहूनच जातो.

शेंडेफळाची आई

आमच्याकडे रात्री दातातली शोधमोहीम असते. मुलगा साडेतीन वर्षांचा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपवते, म्हणजे आतपर्यंत नीट दिसतं, आणि सुरू करते, "वरण सापडलं... मेथी सापडली... अरे ही भेंडी कुठे पळतेय, थांब थांब!" आपण आज काय काय खाल्लं ते ऐकायचं असतं म्हणून तो तोंड उघडंच ठेवतो. सकाळी आधी तो स्वतः घासतो, मग मी, कारण डेंटिस्ट म्हणाल्या सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी एकदा हात फिरवायलाच हवा. पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर मटाराएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको.

चौथा मजला

मी बाबा आहे, संध्याकाळचं जेवण माझ्याकडे असतं. काऊ-चिऊचे घास आम्हीही केले, फक्त आमच्या खिडकीत कबुतरंच येतात म्हणून एक कबुतराचा, एक लिफ्टचा, एक वॉचमनकाकांचा. पावणेदोन ते सव्वादोन वर्षं छान चाललं. मग तिने तोंड घट्ट मिटायला सुरुवात केली आणि मी अजून एक पात्र, अजून एक घास असं करत तासभर ताटापाशी बसायला लागलो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या. तेव्हापासून मला मनापासून वाटतं की खेळ घास कोंबण्यासाठी वापरू नये. आता खेळ जेवणाच्या आधी असतो, मटार सोलायचे, कोथिंबीर निवडायची, कणकेची चिमणी करायची. स्वतः लाटलेली वेडीवाकडी पोळी ती न सांगता खाते. एक मात्र सांभाळा, कच्चे मटार आणि शेंगदाणे या वयात घशात अडकू शकतात, त्यामुळे सोलताना मी समोरच बसतो.

मोगरा

फक्त एकच लिहिते. औषध देताना "चॉकलेट आहे" असं कधीच म्हणू नका. खेळ करायचा तर पाण्याचा ग्लास हातात देऊन करा. चॉकलेट म्हटलेली बाटली मूल आपल्या पाठीमागे शोधून काढतं.

बालवाडीच्या बाई (निवृत्त)

मुलींनो आणि बाबालोकांनो, वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं बालवाडीत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तिथे महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, काड्या असं भोवतालचंच सामान आलं. आम्ही त्याच वाटेने शिकलो. मला एवढंच सांगायचंय की दोन-तीन वर्षांच्या मुलाला काम आणि खेळ वेगळे नसतातच, वेगळे आपण करतो. त्याच्या उंचीला खुंटी लावा, त्याच्या हाताला बसेल असा केरसुणीचा तुकडा द्या, धुतलेल्या मोज्यांचा ढीग समोर ओतून जोड्या लावायला सांगा. गवार मोडायला द्या. वेळ दुप्पट लागेल, तो धरूनच चाला. घाईत खेळ होत नाही, मुलाला आपली घाई लगेच कळते.

उन्हाळी पाऊस

बाईंचं पटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितेय. माझा मुलगा चार वर्षांचा, डोक्यावरून पाणी आणि नखं कापणं या दोन गोष्टींना तो किंचाळायचा, अंग ताठ करायचा. गाणी म्हटली, बाहुलीची नखं कापली, सगळं झालं. घरचे म्हणायचे हट्टी आहे, आणि कुणी "अगं खेळत खेळत कर" म्हटलं की मला रडू यायचं. शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो तेव्हा कळलं की त्याला तो स्पर्शच सहन होत नाही. आता नखं आंघोळीनंतर, मऊ झाल्यावर, आधी तळहात जरा घट्ट दाबून, आणि एका वेळी दोनच बोटं. पाणी ओतताना दहापर्यंत मोठ्याने मोजते, दहाला थांबते म्हणजे थांबतेच. त्याला शेवट माहीत असला की तो धीर धरतो. कुणाच्या मुलाचं असं होत असेल तर युक्त्या शोधत वर्ष घालवू नका, दाखवून घ्या.

धागा सुरू करणारी

उन्हाळी पाऊस, खूप बरं झालं लिहिलंस. आमच्या तांब्याचा सहावा दिवस आहे, काल बादलीची तहान संपली असं लेकीने स्वतःच जाहीर केलं, आज तिला गाळणी दिलीय. आणि बाई, खुंटी लावली! टॉवेल स्वतः काढून आणते.

राइनकाठची

आम्ही जर्मनीत असतो, इथे किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, पाऊस असो थंडी असो मुलांना रोज बाहेर काढतात, म्हणजे चिखलाची पँट, बूट, जाकीट, टोपी, हातमोजे, आणि घरी येताना सगळं परत. जाकिटाची युक्ती किटातल्या ताईंनी शिकवली, ते जमिनीवर उलगडून ठेवायचं, कॉलर मुलाच्या पायाकडे, दोन्ही हात बाह्यांत घालून डोक्यावरून मागे टाकायचं. तीन वर्षांचं मूल एकट्याने घालतं. पण त्याच्या आधीच्या वर्षी आमचा खेळ होता बोगद्याचा. हात म्हणजे गाडी, बाही म्हणजे घाट. कर्जत सुटलं, ठाकूरवाडी, कोपरापाशी मंकी हिल, खंडाळा, आणि पंजा बाहेर आला की लोणावळा, मग चिक्की म्हणून हातावर एक पापा. दुसरा हात पुण्याहून यायचा. लेकाने तेव्हा घाट पाहिलेलाही नव्हता. गेल्या डिसेंबरात मुंबईहून पुण्याला गाडीने गेलो, पहिल्या बोगद्यात डब्यात अंधार झाला आणि हा खिडकीला नाक लावून ओरडला, "आई, बाही आली!"