राजीनाम्याबरोबर ‘कंपनीविरुद्ध बोलणार नाही’ असं लिहून मागतायत. सही करू का?

मकरपुराकर: वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये 11 वर्षं आहे. शुक्रवारी शेवटचा दिवस. एचआरने काल दोन पानी कागद पुढे सरकवला. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, 4,86,000 रुपये एकरकमी, आणि बदल्यात कंपनीबद्दल, साहेबांबद्दल, कामाच्या जागेबद्दल कुठेही, कुणापाशीही, कधीही वाईट बोलायचं नाही. बोलले तर सगळी रक्कम परत.

आमचा फ्यूम हूड, म्हणजे केमिकलच्या वाफा बाहेर ओढणारं कपाट, दीड वर्ष धड ओढत नाही. चार मेल केल्या, कुणी बघितलं नाही. माझ्या जागी आलेली मुलगी नुकतीच बीएस्सी झालीय. तिलाही सांगायचं नाही? जूनमध्ये मुलाची फी आहे, पैसे लागणारच. पण पेन उचलवत नाही.

दांडियाबाजारकर: ताई, बेसिक आणि डीए मिळून किती? 22 वर्षं एचआरमध्ये होतो, असे कागद मीही पुढे केलेत. आज वाईट वाटतं.

मकरपुराकर: 52,000.

दांडियाबाजारकर: मग बघा. 52,000 भागिले 26, गुणिले 15, झाले 30,000. गुणिले 11 वर्षं, 3,30,000. ही तुमची ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. ती कायद्याने 30 दिवसांत द्यावीच लागते, त्याला गप्प बसायची अट लावता येत नाही. उरले 1,56,000, म्हणजे तीन महिन्यांचं बेसिक आणि डीए. गप्प बसायचे खरे पैसे एवढेच. बाकी तुमचेच तुम्हाला देतायत! ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

रावपुरा_वकिली: काकांचं बरोबर आहे. शिवाय 1872 च्या करार कायद्याचं कलम 28 आहे, कोर्टात जायचा हक्कच काढून घेणारी अट रद्दबातल ठरते. सही करायचीच झाली तर आधी एक ओळ घालून घ्या: ‘कोर्टात किंवा फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढे खरं सांगायला ही अट आड येणार नाही.’ अमेरिकेत 2023 मध्ये तिथल्या कामगार मंडळाने असा सरसकट तोंड बंद करणारा कागद नुसता पुढे करणंही बेकायदा ठरवलं. आपल्याकडे इतकं थेट नाही, म्हणून ही ओळ हवीच.

मकरपुराकर: अर्ज दिला, पोच मिळाली. एचआरचा कागद ती ओळ घालायला परत पाठवलाय. नाही घातली तर 1,56,000 सोडायचे, घरी बोलणं झालंय. दुपारी त्या मुलीला हूडपाशी नेलं. टिश्यूची पट्टी हूडच्या तोंडाशी धरली. जरासुद्धा हलली नाही. तिने स्वतः पाहिलं.