वकिलीच्या विद्यार्थ्यांना आकडेवारी कशाला शिकवायची?

धागाकर्ती: मी विधी शाखेला गुन्हेशास्त्र शिकवते. लोंब्रोझो या इटालियन अभ्यासकाचा ‘जन्मजात गुन्हेगार’ (गुन्हेगार जन्मतःच तसा असतो) हा सिद्धांत पाठ करून पेपर सुटतो, याचा मला त्रास होतो. प्रश्नावली करणं, कोर्टात बसून निरीक्षणं टिपणं, टक्केवारी कशाच्या प्रमाणात काढली हे विचारणं विद्यार्थ्याला यायलाच हवं. इंग्लंडमधला सॅली क्लार्क खटला घ्या. दोन तान्ही मुलं दगावली, आईवर खुनाचा आरोप आला. तज्ज्ञ डॉक्टरांनी साक्ष दिली की अशा घरात दोन आकस्मिक मृत्यूंची शक्यता सुमारे ७.३ कोटींत १. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये १ धरली होती, आणि हा आकडा म्हणजे ८,५४३ चा वर्ग! एकाच घरातले, एकाच आईबापांचे दोन मृत्यू एकमेकांशी असंबद्ध धरले होते. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली.

जुना फौजदारी वकील: अर्धीच गोष्ट सांगितलीत. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः मुलाच्या जंतूतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिलेच नव्हते म्हणून. कागद मागणं, नोंदी चाळणं हेच आमचं काम. नव्या मुलांना धड उलटतपासणी घेता येत नाही. आधी ते शिकवा.

धागाकर्ती: त्याच निकालात न्यायालयाने त्या आकड्यावरही कडक ताशेरे ओढले. आणि उलटतपासणी घेणार कशाची? वर्ग कुठून आला हेच न कळणारा वकील प्रश्न काय विचारणार?

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी: नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली, असं मी निबंधात लिहिलं होतं. पीडितांच्या सर्वेक्षणांबद्दल (लोकांनाच विचारायचं, तुमच्याबाबत गुन्हा घडला का, तक्रार केली असो वा नसो) शिकले तेव्हा कळलं, तक्रारीला जास्त लोक पुढे आले तरी नोंद फुगते. पण मॅडम, तुमच्या प्रश्नावलीची मला भीती वाटते. तयारी नसताना आम्ही पीडितेला ‘नेमकं काय झालं’ विचारायचं? एका सत्रात हे शिकून होत नाही.

जुना फौजदारी वकील: हे पटलं. आणि १९८७ चा मॅक्लेस्की खटलाही शिकवा. बळी गोरा असेल तर फाशीची शक्यता वाढते, हे अभ्यासाने दाखवलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अभ्यास ग्राह्य धरूनही ५ विरुद्ध ४ मतांनी अपील फेटाळलं. आकडे हाती असून काय उपयोग?

धागाकर्ती: चार न्यायाधीशांना ते पटले होते, हे विसरू नका. मुलाखतींबद्दल मात्र विद्यार्थिनीचं बरोबर आहे. पहिलं सत्र फक्त कोर्टातल्या निरीक्षणांचं ठेवते. पीडितांशी बोलणं प्रशिक्षणानंतरच, आणि मी सोबत असताना.