सातवीतल्या भाच्याला कोणती मराठी पुस्तकं द्यावीत?

भाचा सेमी-इंग्रजीत आहे. मराठी बोलतो फाडफाड, पण वाचताना जोडाक्षरं आली की अडखळतो. बोधकथा नकोत, त्यांचा ढीग घरात पडलाय. काय देऊ?

– मावशी_नागपूर

फास्टर फेणे. डोळे झाकून.

– चहाबिस्कीट

डोळे उघडे ठेवून सांगते, गल्लीतलं बालवाचनालय सांभाळते म्हणून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पोरांना आवडतोच, सायकल आणि ‘ट्टॉक्’सकट. पण अडखळणाऱ्याला आधी ‘बोक्या सातबंडे’ द्या. दिलीप प्रभावळकरांच्या गोष्टी सुट्या आहेत, एका बैठकीत एक संपते. आणि गोष्ट ‘संपवली’ म्हटल्यावर जी कॉलर ताठ होते ना, ती महत्त्वाची! पहिलं पान तुम्ही मोठ्याने वाचा, गोष्टीतलं भांडण रंगात आलं की ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून उठा. पुस्तक मात्र त्याच्यापाशीच विसरा.

प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ एवढ्यात नको. त्यातला लंपन भाच्याच्याच वयाच्या आसपासचा, पण भाषा बेळगावकडची, मधूनमधून कानडी. तिची गंमत पुढे कळेल. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीत गेल्यावर. तीत आणीबाणीही आहे, प्रेमही. (आया दुसऱ्याच गोष्टीला घाबरतात.)

आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका बाई.

– पुस्तकवाली_काकू

काकू, दुधाची युक्ती आजच करते. ‘बोक्या’ मागवलं.

– मावशी_नागपूर