कोल्हापूरचा पगार घरच्या शेतीच्या आधारावर किती दिवस चालणार?

भोगावतीकाठ

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या काही लहान कारखान्यांची हजेरी व पगारपत्रके तयार करण्याचे काम मी करतो. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरवर नेण्याची भाषणे एकीकडे चालू असताना, पगाराच्या तारखेला समोर येणारे आकडे मला स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून हा विषय या मंचावर चर्चेला ठेवत आहे.

फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याच्या, मोल्डिंग (साचे बनवण्याच्या) खात्यातला, आयटीआय झालेला एक तरुण घ्या. त्याचा एकूण पगार 14,000 रुपये. भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,680, कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) 105 आणि व्यवसाय कराचे 200 रुपये वजा केले की हातात 12,015 रुपये येतात. राधानगरी रस्त्यावरच्या गावातून गोकुळ शिरगावला येऊन-जाऊन साठ किलोमीटर होतात. कंपनीची बस नाही आणि पाळीच्या वेळेला एसटी नाही, त्यामुळे मोटारसायकलला पर्याय नाही. महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांना एकतीस लिटर पेट्रोल जाते आणि पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. म्हणजे कामावर पोचण्याचा खर्च वजा जाता त्याच्याकडे नऊ हजारही उरत नाहीत. गाडीचा हप्ता, मोबाईल, आईची औषधे आणि बहिणीच्या मुलांच्या शाळेला लावलेला हातभार हे सगळे त्यानंतरचे.

केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने जुलै 2018 च्या भावांप्रमाणे राष्ट्रीय किमान वेतन दिवसाला 375 रुपये, म्हणजे महिन्याला 9,750 रुपये असावे, असे 2019 मध्ये सुचवले होते. इतक्या वर्षांनंतर आमचा प्रशिक्षित कामगार पेट्रोल वजा जाता त्या आकड्याच्याही खाली आहे.

मग हे घर चालते कसे? भात घरचे असते, दूध गोठ्यातले असते, घरभाडे द्यावे लागत नाही आणि म्हशीचे दहा दिवसांचे दूधबिल आईच्या हातात येते. कारखान्याने द्यायच्या पगारातला एक मोठा वाटा अशा रीतीने शेत आणि गोठा उचलत असतो, आणि त्याची नोंद कुठल्याही पगारपत्रकात होत नाही. ‘कोल्हापुरात मनुष्यबळ स्वस्त मिळते’ असे आपण बाहेरच्या गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगतो, पण ते स्वस्त पडते ते या न नोंदलेल्या वाट्यामुळे.

हा आधार आता आटत चालला आहे. आजोबांचे चार एकर तीन मुलांत वाटले गेले, त्यातला एक वाटा पुन्हा दोन भावांत वाटला की एकेकाला सव्वीस गुंठे येतात. तेवढ्या उसावर आणि दोन म्हशींवर पुढची पिढी कारखान्याच्या पगाराची भर काढू शकणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या कामगाराकडे एक गुंठाही जमीन नाही, त्याचे कुटुंब ज्या रकमेत चालेल, ती रक्कम हाच पगाराचा पाया मानला पाहिजे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने हेच ठरवले होते: कुटुंबाचे तीन घटक, माणशी 2,700 उष्मांकांचे अन्न, वर्षाला 72 वार कापड, घरभाडे आणि इंधन. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी 25 टक्क्यांची भर घातली. ही मागणी नवी नाही, तिचा विसर पडला आहे इतकेच.

उद्यमनगरी

तुमची कळकळ मान्य आहे, पण हिशेबाची एकच बाजू तुम्ही मांडली आहे. माझे लहान मशीनशॉप आहे. कामगाराच्या हातात 12,015 रुपये पडतात तेव्हा माझ्या खिशातून किती जातात तेही लिहा. 14,000 वर निधीचे, त्याला जोडलेल्या विम्याचे आणि प्रशासकीय खर्चाचे मिळून 13 टक्के, राज्य विम्याचे सव्वातीन टक्के आणि किमान 8.33 टक्के बोनस धरला की हाच कामगार मला महिन्याला साडेसतरा हजारांच्या घरात पडतो. शिवाय त्याच्या पगारातून कापलेले 1,680 रुपये कुठे बुडत नाहीत, ते त्याच्याच नावावर जमा होतात.

आता माझ्या मिळकतीकडे या. आमची बहुतेक कामे मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांकडून येतात. पिग आयर्न (कच्चे लोखंड) किंवा भंगाराचा भाव वाढला तर दर वाढवून मिळतो, कारण ते करारात लिहिलेले असते. मजुरी वाढली तर मात्र ‘ते तुमचे तुम्ही बघा’ असे उत्तर येते आणि वर दरवर्षी दर थोडा कमी करून मागितला जातो. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असा कायदा 2006 पासून आहे. ते थकवणाऱ्या खरेदीदाराला आयकरात फटका बसेल अशी तरतूदही आली, तरी नव्वद दिवसांची वाट आम्ही आजही बघतो, कारण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही. विजेचा दर शेजारच्या कर्नाटकाशी ताडून पाहा. येथील उद्योजकांनी सीमेपलीकडे जाण्याची भाषा केली होती ती हौस म्हणून नव्हे.

कोल्हापूरचे उद्यमनगर वाढले ते उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता. शेती आणि कारखाना ही इथे पहिल्यापासून जोडीने चालत आलेली दोन कामे आहेत, एकाने दुसऱ्याला लुबाडलेले नाही. सकाळी धार काढून कामावर येणारा आणि संध्याकाळी उसाला पाणी पाजणारा कामगार मुंबईच्या चाळीत आठ बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यापेक्षा सुखी होता. तुम्ही सुचवता तसा पगार उद्यापासून सक्तीचा झाला, तर माझ्यासारखे वीस-पंचवीस माणसांचे कारखाने बंद होतील आणि त्या मुलाला नऊ हजारही मिळणार नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणे) आणि भट्टीच्या कामाला स्थानिक मुले येत नाहीत. ती कामे आज बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली माणसे करतात. बेरोजगारी इतकी असेल तर माझ्या दारावरचा ‘कामगार पाहिजेत’ हा फलक उतरत का नाही?

राजारामपुरीची अभ्यासिका

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण ज्या मुलामुलींविषयी तो विचारला आहे त्यांच्यात मी बसते. माझे विज्ञान शाखेतील पदवीपर्यंतचे शिक्षण झाले आहे आणि मी राज्य सेवेची तयारी करते. आम्हाला कष्ट नकोत हा समज खरा नाही. अभ्यासिकेत पहाटेपासून बसणाऱ्या मुली संध्याकाळी शिकवण्या घेतात, मुले रात्री घरपोच जेवणाची पाकिटे पोचवतात. भट्टीसमोर उभे राहण्याची तयारीही असते, पण तिथे दहा वर्षे काढलेला शेजारचा दादा अजूनही कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावरच आहे हे आम्ही पाहिलेले असते. कंत्राटी कामगार मालकाच्या कायम कामगारासारखेच काम करत असेल तर त्याला वेतनही तेवढेच मिळाले पाहिजे, असे कंत्राटी कामगार कायद्याखालचे नियम सांगत आले आहेत. एका छताखाली, एकाच यंत्रावर दोन पगार चालतात हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही?

2023 मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. 2024 मध्ये पोलीस भरतीच्या सुमारे सतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांत अभियंते होते, पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते. ही गर्दी आळशांची नाही. निवृत्तीपर्यंत टिकेल, आजारपणात तुटणार नाही आणि ज्यावर बँक कर्ज देईल अशी नोकरी खासगी क्षेत्रात या जिल्ह्यात मिळत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. माझ्या दोन मैत्रिणी तिथे रुजू झाल्या, काम शिकल्या आणि मुदत संपताच घरी आल्या. त्या जागेवर नंतर दुसरे प्रशिक्षणार्थी बसले.

दूधगंगाकाठचा शेतकरी

शेतीच्या आधाराविषयी एवढे लिहिले गेले, म्हणून शेतकऱ्याचेही ऐकावे. आमच्याकडे भांगलणीला बाई मिळत नाही आणि गडी मिळाला तर तो सांगेल तो रोज द्यावा लागतो. रोजगार हमीची मजुरी 2024-25 साली राज्यात 297 रुपये होती, तिला आमच्या भागात कोणी येत नाही. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच अडकून राहिला. त्या काळात खत, डिझेल आणि मजुरी कुठल्या कुठे गेली. पगार वाढवा म्हणणाऱ्यांनी एक सांगावे, कारखान्याने पगार वाढवला की आमच्या बांधावरचा उरलासुरला माणूसही तिकडे जाईल, त्याची भर कोण देणार? शहरात महागाईची ओरड होते ती बहुधा आमच्या भाजीची, दुधाची आणि साखरेची असते. आमच्या मालाला भाव आला की तुमची महागाई होते आणि तुमचा पगार वाढला की आमची मजुरी वाढते. मला या मागणीत शेतकऱ्याची जागा कुठे दिसत नाही.

चाकणवासी

मी कागलचा, सध्या चाकणला आहे. पगार कोल्हापूरच्या दीडपटीहून अधिक आहे, म्हणून घरचे खूश आहेत. पण एका खोलीत आम्ही चौघे राहतो, मेस लावली आहे आणि महिन्याला घरी जे पाठवतो ते गावी राहून वाचले असते त्यापेक्षा फार जास्त नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तो पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का हा. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मला सध्याच्या पगारापेक्षा थोडे कमी मिळाले तरी मी परत येईन. पण ‘घरी राहतोस, मग तुला एवढा पगार कशाला’ हे वाक्य मुलाखतीत ऐकल्यावर मी पुण्याची गाडी धरली. भोगावतीकाठ यांचे म्हणणे मला त्यामुळे पटते. शेती माझ्या बापाची आहे, तिचा हिशेब मालकाने का धरावा?

इचलकरंजीचा जॉबर

कारखानदारांनी मजुरी करारात बसत नाही असे लिहिले आहे, त्याविषयी यंत्रमागाचा अनुभव सांगतो. आमच्याकडे मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पिकांवर (कापडाच्या इंचातल्या आडव्या धाग्यांवर) ठरते, बावन्न पिकांच्या मीटरमागे इतके पैसे अशी. यंत्रमाग कामगारांचे मूळ किमान वेतन 1986 नंतर थेट 2015 मध्ये सुधारले. कायदा पाच वर्षांच्या आत फेरविचार करा असे सांगत असताना कामगारांची एक अख्खी पिढी मागावर उभी राहून निवृत्त झाली. 2013 च्या संपानंतर मात्र एक गोष्ट पदरात पडली. राज्य सरकार सहा महिन्यांनी जाहीर करते त्या महागाई भत्त्याचे पीस रेटवर (मीटरमागच्या मजुरीवर) रूपांतर करायचे आणि त्यानुसार वर्षाला मजुरीवाढ जाहीर करायची, असे ठरले. कामगार आयुक्तालयाचे अधिकारी तो आकडा काढतात. काही पैशांचीच वाढ असते आणि ती देण्यावरून दर वर्षी वाद होतो हेही खरे, पण निदान मागण्यासाठी हातात एक कागद असतो.

आमच्याकडचा खर्चीवाला मालकही उद्यमनगरी यांच्यासारखाच मधे सापडलेला आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, त्याच्या वाट्याला फक्त मजुरी. कामगाराला वाढ दिली तर व्यापाऱ्याकडून ती वसूल करायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून मालक आणि कामगार एकमेकांशी भांडतात आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो चर्चेच्या खोलीत नसतोच.

भोगावतीकाठ

उद्यमनगरी यांनी दिलेला साडेसतरा हजारांचा हिशेब बरोबर आहे, तो मी स्वतः दर महिन्याला मांडतो. भविष्यनिर्वाह निधी कामगाराचाच असतो हेही खरे, पण त्यातून या महिन्याचा किराणा भरता येत नाही. माझा मतभेद पुढे आहे. पिग आयर्नचा भाव वाढला तर खरेदीदार तो मान्य करतो आणि तांदळाचा वाढला तर मान्य करत नाही, ही व्यवस्था आपण निमूटपणे स्वीकारली आहे. ती स्वीकारता आली, कारण तांदूळ कामगाराच्या घरून येत होता. चाकणला राहणाऱ्या मित्राला मुलाखतीत जे ऐकावे लागले ते कोणा एकाचे मत नाही, ते या जिल्ह्याच्या दरपत्रकातच मुरलेले आहे.

बेरोजगारी कमी असल्याचे दाखले दिले जातात, म्हणून त्याविषयीही लिहितो. श्रमशक्ती सर्वेक्षणात 2023-24 साली देशाचा दर 3.2 टक्के निघाला. त्यातल्या नेहमीच्या स्थितीच्या व्याख्येनुसार वर्षात तीस दिवस पूरक काम केलेला माणूस आणि घरच्या शेतीत बिनपगारी हात लावणारा मुलगाही रोजगारात धरला जातो. अभ्यासिकेतली मुलगी सुगीला घरी जाऊन भात कापते, त्यामुळे तीही बेरोजगार ठरत नसेल. शेताने इथेही आकड्यांना आधार दिला आहे.

शेतकरी बंधूंना एवढेच म्हणेन की ज्या घरात पगार पुरेसा येतो ते घर दुधाला आणि भाजीला दोन रुपये जास्त देते. ऊस आणि साखरेच्या दराचे भांडण सरकारशी आहे, त्यात कामगार तुमच्या विरुद्ध बाजूला उभा नाही.

आता मागणी नेमकी करतो. किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे वर आलेला महागाई भत्ता, दर सहा महिन्यांनी जाहीर होतो आणि तो सर्वांना उघड कळतो. कास्टिंग आणि मशीनिंगच्या प्रत्येक दरकरारात कच्च्या मालाच्या कलमाशेजारी या भत्त्याचे कलम असावे, म्हणजे भत्ता वाढला की मजुरीच्या हिश्शाइतका दर आपोआप वाढेल. इचलकरंजीत पैशांत का होईना जे झाले ते इथे टनामागे आणि नगामागे का होऊ नये?

उद्यमनगरी

या कलमाला माझा विरोध नाही, ते झाले तर मलाच हवे आहे. पण मी एकट्याने ते मागितले तर तेच काम दुसऱ्या दिवशी राजकोटला किंवा बेळगावला जाईल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या उद्योजक संघटनांनी एका मसुद्यावर सह्या केल्या आणि एकाही सभासदाने त्याखालचा दर दिला नाही, तरच त्याला अर्थ आहे. कंत्राटी कामगारांविषयी अभ्यासिकेतील भगिनींनी जे लिहिले त्यावर माझ्याकडे आज समाधानकारक उत्तर नाही. शेती धरून पगार ठरवला जातो हे विधान मात्र मला अजूनही मान्य नाही. आम्ही बाजारात मिळतो तो दर देतो. मसुदा लिहायला घ्या, मजुरीचा हिस्सा किती टक्के धरायचा याचे माझ्या कारखान्याचे आकडे मी देतो.

भोगावतीकाठ

द्या. फाउंड्रीचे आकडे मी मालकांची परवानगी घेऊन काढतो. मजुरीच्या हिश्शात कंत्राटदाराकडची माणसेही धरायची, या एका अटीवर मी मसुदा लिहीन.