भाड्याची कॅराव्हॅन, दोन लहान मुलं आणि चोर्ला घाट: काय बघून घ्यावं?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पाच रात्रींचा बेत आहे. बेळगाव, चोर्ला, दक्षिण गोवा, कारवार, दांडेली आणि खानापूरवरून परत. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅराव्हॅन, म्हणजे आत बेड, ओटा आणि टॉयलेट असलेली, ड्रायव्हरसकट. मोठी माणसं चार, थोरला चार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. गाडीवाला म्हणतो, "मागं बेड आहे की ओ, पोरं झोपून जातील." थोरल्याला घाटात गाडी लागते. मुलांना बसवायचं कुठं, पाणी आणि वीज किती पुरते, रात्री गाडी लावायची कुठं, एवढं सांगा.

घाटवाट:
आधी तो बेड डोक्यातून काढा. गाडी उभी असताना तो बेड, चालू असताना ती सामानाची जागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, चोर्ल्याच्या गोव्याकडच्या, केरीच्या उतारावर जोरात ब्रेक लागला तर बेडवरचं मूल थेट ओट्यावर आदळतं. आईच्या मांडीवर तेच. दहा किलोचं बाळ त्या झटक्यात कुणाच्याच हातात राहत नाही.

गाडी ठरवायच्या आधी स्वतः जाऊन सीट बघा, फोटोवर जाऊ नका. तोंड पुढं असलेली आणि तीन जागी बांधणारा, म्हणजे खांद्यावरून येणारा बेल्ट असलेली निदान दोन सीट हवीत. या गाड्यांत पुष्कळदा नुसता कमरेचा पट्टा असतो, आणि बहुतेक चाइल्ड सीट त्यावर बसत नाहीत. थोरल्याला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, द्यायचा विचार असेल तर तो कमरेच्या पट्ट्यावर मुळीच नको, सगळा झटका पोटावर येतो. टेबलाभोवतीची आडवी सीट असेल तर तिच्यावर चाइल्ड सीट लावायचीच नाही, मग बेल्ट कितीही चांगला असो.

जाताना आपल्या चाइल्ड सीट घेऊन जा आणि तिथंच बांधून बघा. पुशबॅक सीट आधी पूर्ण सरळ करा, मग चाइल्ड सीटवर गुडघा टेकून, भार देऊन पट्टा ओढा. पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवल्यावर सीट एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे पट्टा तोकडा पडतो. दुसरा, बकलचा दांडा लांब असला की बकल चाइल्ड सीटच्या कडेवर आडवं टेकतं. तसं टेकत असेल तर ती जागा बाद, कारण धक्क्यात बकल तिथंच मोडू शकतं. धाकटीची सीट मागं तोंड करून लावा. ड्रायव्हरशेजारी एअरबॅग असेल तर तिथं ती नकोच.

वडगावची काकी:
गाडी लागण्याबद्दल. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त, दोनच्या आतल्यांना सहसा होत नाही. म्हणजे तुमची काळजी थोरल्याचीच. त्याला मागं बसवू नका. मागच्या चाकाच्याही पाठीमागचा भाग वळणावर सगळ्यात जास्त फेकला जातो. समोरचा रस्ता दिसेल अशी सीट द्या. मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक घाटाआधी जांबोटीलाच पिशवीत घाला.

जेवण घाटाच्या दीड-दोन तास आधी, हलकं. मऊभात किंवा इडली चालेल. पोटभर दूध नको आणि उपाशीही नको, रिकाम्या पोटीसुद्धा मळमळतं. मधे मूठभर चुरमुरे नाहीतर खारी द्या. जांबोटी, कणकुंबी आणि घाट उतरल्यावर केरी अशा तीन ठिकाणी थांबा आणि पोराला खाली उतरवून चालवा.

हाताशी ठेवायचं सामान: गाठ मारता येतील अशा जाड पिशव्या, जुना टॉवेल, दोन कपड्यांचे जोड, सीटवर घालायला बाळाचं रबरी कापड. हे सगळं मागच्या कपाटात गेलं की उपयोग शून्य. उलटी झाल्यावर लगेच पेलाभर पाणी पाजायची आपली सवय असते, तेच परत बाहेर येतं. दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस एकेक चमचा, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करायचं नाही. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. गाडी लागण्यावरचं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत, म्हणून थोरल्याची बाटली धाकटीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

निपाणी_हायवे:
पाण्याचा हिशेब. आंघोळ मुक्कामाच्या बाथरूममध्ये करणार असाल तर सहा जणांना भांडी, हात-तोंड आणि पोरांची धुणंपुसणं मिळून दिवसाला ४० ते ५० लिटर लागतं. शंभर लिटरची टाकी म्हणजे दोन दिवस. पिण्याचा वीस लिटरचा कॅन वेगळा ठेवा, टाकीचं पाणी पिऊ नका. भाड्याच्या गाडीची टाकी आतून कुणी धुतलेली नसते. शंभर लिटरला पाच टक्क्यांचं साधं ब्लीच १०० मिली घाला, नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, मग सगळं ओतून दोनदा धुवा. हे निघायच्या आदल्या दिवशी गाडीवाल्याकडून समोर करून घ्या.

घाटात टाकी एकतर भरलेली न्या नाहीतर रिकामी. अर्ध्या टाकीत पाणी हेंदकाळतं आणि वळणावर गाडी डुलते.

वीज: शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जवळजवळ १,२८० वॉट-अवर. छतावरचा एसी हजार वॉट ओढतो, म्हणजे तासाभरात बॅटरी संपली. रात्रभर एसी हवा तर होमस्टेवाल्याकडं १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग आहे का ते बुक करतानाच विचारा. वायर २.५ चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापून वितळते. पॉइंट नसेल तर बारा व्होल्टचे पंखे आणि खिडक्यांना जाळी. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. तो ओळखणारा अलार्म विकत मिळतो, तो बेडच्या उंचीवर लावा. गॅसची गळती ओळखणारा मात्र फरशीजवळ, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. गाडी हलायच्या आधी सिलिंडर मुळापासून बंद.

केमिकल टॉयलेटमध्ये डायपर आणि ओले वाइप्स टाकू नका, झडप अडकते. त्याची मैल्याची टाकी पाऊण भरली की रिकामी करा, तीही संडासातच.

घाटवाट:
मुक्कामाचं राहिलं होतं. कणकुंबीच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, तिथं वाटेत गाडी लावून झोपायचा विचार नको. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. एखाद्या होमस्टेचं आवार बघा. जागा सपाट हवी. थोडा उतार असलाच तर सगळ्यांची डोकी चढाकडं करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. गोव्यात सावली बघून नारळाखाली गाडी लावाल तर छत आणि काच दोन्ही जाईल.

बेत मात्र जास्त झालाय. कारवारहून दांडेलीला यायचं म्हणजे अणशी घाट, पोरांना आणखी एक घाट. कारवार काढा नाहीतर दांडेली काढा. दांडेली ठेवलीत तर काळी नदीत मगरी आहेत, पोरांना काठावर सोडू नका. आणि एका दिवसात तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नका.

शहापूरकर:
कारवार काढतो. दोन गोष्टी राहिल्या. धाकटी झोळीशिवाय झोपत नाही, गाडीत झोळी बांधली तर? आणि येताना गोकाक धबधबा दाखवावा म्हणतोय.

वडगावची काकी:
चालत्या गाडीत झोळी नाहीच. उभ्या गाडीतसुद्धा वरच्या पाइपला बांधू नका, तो पडद्यासाठी असतो आणि बारीक स्क्रूवर उभा असतो. तिला खालच्या बेडवर भिंतीच्या बाजूला नका घालू, गादी आणि भिंत यांच्या फटीत बाळ अडकतं. फरशीवर पातळ कडक गादी घाला, दार लॉक करा, चपला-पिशव्या दूर. हवं तर आत्तापासूनच घरी आठवडाभर तिला खाली झोपवायची सवय लावा.

निपाणी_हायवे:
गोकाक करा, पण दिवसा. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. गोकाक, हुक्केरी, चिकोडी भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागं लाल दिवा नसताना चालतात, आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात तशीच उभी असते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. धबधब्यावरच्या झुलत्या पुलाजवळ धाकटीला कडेवर आणि थोरल्याचा हात धरून.

गाडीवाल्याला एसीसकट उंची विचारून कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. गावांच्या स्वागतकमानी आणि खाली लोंबणाऱ्या वायरी ड्रायव्हरच्या लक्षात येत नाहीत. पिवळी पाटी आणि ऑल इंडिया टुरिस्ट परमिट बघून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, चोर्ल्यानंतर हद्द बदलते. ॲडव्हान्स देण्याआधी सीटचं बघा, बेल्ट नसेल तर दुसरी गाडी शोधायला वेळ राहील.