रिंक पालिका बनवते, पण अर्धीच
कुणीतरी लिहिलंय की कॅनडात गल्लीतली स्केटिंग रिंक, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायचं मैदान, महापालिकाच सांभाळते, तेव्हा त्यासाठीचा निधी वाढवा. अर्धंच खरं. राजधानी ओटावात जागा नि थोडा निधी पालिकेचा, पण रात्री उशिरा पाण्याचा पाइप धरून कुडकुडत उभे असतात ते शेजारपाजारचे लोक. आणि नुसतं पाणी सोडून भागत नाही! आधी भुसभुशीत बर्फ तुडवून दाबायचा, मग पाण्याचा पातळ थर. तो गोठला की पुढचा. घाईने जाड थर दिलात तर वर नुसता पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते आणि स्केटचं पातं आत जातं. लोकांच्या या रिंकचा अभ्यासालाही उपयोग होतो: कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘रिंकवॉच’ हा उपक्रम सुरू केला. त्यात लोक आपापल्या रिंकच्या नोंदी पाठवतात, त्यावरून हिवाळा किती बदलतोय ते संशोधक पाहतात. बाकी निधी वाढवायची ती मागणी पटली, फक्त तो आधी पाइप आणि दिव्यांवर जावा.